हाड लोखंडाले धरते का जी?

आजची पोस्ट थोडी लांब आहे. ना राजकारण आहे ना निवडणूक. पण आपल्या भागातल्या बऱ्याच घरांशी संबंध आहे म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

परवा नाकाडोंगरीच्या बसस्टॉपजवळ चहा घेत उभा होतो. ओळखीचा एक पोरगा वॉकर घेऊन आला. वय असेल सव्वीस-सत्तावीस. नाव लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. ट्रकवर भराई-उतराईचं काम करायचा. सिकलसेलचा रुग्ण. दोन-तीन वर्षांपासून लंगडत होता, लोक म्हणायचे वात आहे. शेवटी नागपूरला फोटो काढला तेव्हा कळलं की मांडीच्या हाडाचा वरचा गोळाच मेला आहे. खुबा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे वॉकरशिवाय चालायचं नाही, वजन उचलायचं नाही.

त्या दिवशी ऑपरेशनला बाराच दिवस झाले होते. वॉकर त्यानं टपरीला टेकवून ठेवला आणि मला विचारलं, "भाऊ, सिमेंट नाई लावलं म्हनते डाक्टर. मंग हाड लोखंडाले धरते का जी? आन् धरते तं सहा हप्ते कायले लागते? रोवनी सुरू झाली, बायको एकटीच जाते."

मी डॉक्टर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, बातम्या लिहितो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आठ दिवस वाचलं, ओळखीच्या हाडाच्या डॉक्टरांना फोन करून छळलं. या एका प्रश्नाला मोठा इतिहास आहे, तोच आज सांगतो.

पहिली गोष्ट, हाड हाडाला धरतं हे आपल्या आज्यालाही माहीत होतं. मोडलेला हात बांबूच्या कामट्या लावून बांधायचे, कांडवेलीचा लेप द्यायचे, महिना-दीड महिन्यात हाड सांधायचं. लेपानं किती फरक पडायचा तो वेगळा वाद. खरं काम हाड स्वतःच करायचं, कामट्या फक्त ते हलू देत नव्हत्या. ही न हलण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

पण शरीरात बाहेरची वस्तू गेली तर? पायात बाभळीचा काटा मोडून राहिला की काय होतं ते आपण सगळ्यांनी भोगलं आहे. एक तर पिकतो, नाहीतर त्याच्याभोवती चिवट गाठ धरते. शरीर त्या काट्याला आपला मानत नाही, वेगळा कोंडून ठेवतं. धातूच्या बाबतीतही डॉक्टरांचा बराच काळ हाच समज होता. पट्ट्या आणि स्क्रू बसवायचे, पण ते घट्ट कसल्यामुळे टिकायचे. धातू आणि हाड यांच्यात कायम एक मऊ पडदा राहणार असंच धरलं होतं.

म्हणून खुबा बदलायची वेळ आली तेव्हा इंग्लंडमधल्या जॉन चार्नली या सर्जननं सिमेंटचा रस्ता धरला. १९६२ साली त्यांनी जो कृत्रिम खुबा बसवायला सुरुवात केली, तोच आजच्या खुब्याचा बाप म्हणायचा. धातूचा दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत घालायचा आणि मधली जागा अ‍ॅक्रिलिकच्या सिमेंटनं भरायची. हे सिमेंट डिंकासारखं चिकटत नाही. खांब खड्ड्यात उभा करून भोवती काँक्रीट ठासतात, तसं ते जागा भरून धरून ठेवतं. फायदा मोठा होता. काही मिनिटांत कडक होतं, पेशंट लवकर उभा राहतो. म्हाताऱ्या माणसांत ते आजही उत्तम चालतं. पण तरुण, कष्टाचं काम करणाऱ्या माणसात वर्षानुवर्षं धक्के बसून सिमेंट आणि हाड यांची जोड सैल होऊ शकते. सिमेंट मेलेली वस्तू आहे, तडा गेला तर स्वतःला दुरुस्त करत नाही. हाड मात्र रोज स्वतःला दुरुस्त करतं.

मग हाडालाच धातूला धरायला लावलं तर?

याचं उत्तर सापडलं ते चुकून. स्वीडनमधल्या लुंड इथं १९५२ च्या सुमारास पर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे तरुण संशोधक होते. त्यांना इम्प्लांटशी काही देणंघेणं नव्हतं. हाडाच्या आत रक्त कसं फिरतं ते जिवंतपणी बघायचं होतं. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक बारीक डबी बसवली, तिच्यातून सूक्ष्मदर्शकानं बघायचं. काम झाल्यावर डबी काढून पुन्हा वापरायची होती, महाग वस्तू होती ती. पण डबी निघेना. हाड तिच्या अंगाला असं धरून बसलं होतं की हाड फोडल्याशिवाय ती बाहेर येईना.

टायटॅनियम हाडाला चालतं असं अमेरिकेतल्या काही संशोधकांनी १९४० मध्येच मांजरांवरच्या प्रयोगात लिहून ठेवलं होतं. पण ते कागदावरच राहिलं. ब्रोनेमार्क मात्र त्या अडकलेल्या डबीमागे लागले. पुढे गोथेनबर्गला गेले, वर्षानुवर्षं प्राण्यांवर प्रयोग केले आणि १९६५ मध्ये यॉस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सनच्या जबड्यात जन्मजात व्यंग होतं, खालचे दात नव्हते. चावायला आणि बोलायला त्रास. त्या स्क्रूंवर दात बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले तोवर ते स्क्रू हाडात तसेच होते. चाळीस वर्षं!

ब्रोनेमार्कनी या जोडणीला नाव दिलं 'ऑसिओइंटिग्रेशन'. साध्या मराठीत, हाडानं वस्तूला आपलंसं करणं. पण दंतवैद्यकातले मोठे लोक ऐकायला तयार नव्हते. धातू आणि हाड मधल्या पडद्याशिवाय जुळतं हे त्यांना पटेना. १९८२ मध्ये कॅनडातल्या टोरांटोला परिषद झाली, तिथे त्यांचे आकडे मांडले गेले, तेव्हा कुठे जगानं मान्य केलं. पहिल्या पेशंटपासून सतरा वर्षं. हाडाला धातू धरायला काही महिने लागले आणि डॉक्टरांना ती गोष्ट धरायला सतरा वर्षं!

आता टायटॅनियमच का? इथे आपल्या खाणीचं उदाहरण देतो. आपल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून शुद्ध मँगनीज धातू निघत नाही, निघतं ते मँगनीज डायऑक्साइड. बहुतेक धातू निसर्गात उघडे राहत नाहीत, प्राणवायूशी जोडलेलेच सापडतात. टायटॅनियमला तर प्राणवायूची एवढी ओढ की तासलेला तुकडा हवेत आला की क्षणार्धात त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो. केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा पातळ. पण हा थर घट्ट असतो, गंजत नाही, ओरखडा पडला तर पुन्हा तयार होतो. आपलं हाड खरं म्हणजे धातूला शिवतच नाही, या थराला शिवतं. आणि हा थर शरीराला खुपत नाही.

पण खुपत नाही म्हणजे लगेच चिकटतं असं नाही. ब्रोनेमार्कची पद्धत मोठ्या सबुरीची होती. स्क्रू बसवायचा, वरून हिरडी शिवून टाकायची आणि खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्यात सहा महिने हात लावायचा नाही. दात नंतर.

एवढा वेळ का, हे मला रोवणीवरून कळलं. पऱ्हे बांधीत लावले त्या दिवशी ते नुसते चिखलात उभे असतात. मूळ धरलेलं नसतं. चिखल धरून ठेवतो एवढंच. चार-सहा दिवसांनी नवी मुळं फुटतात, मग ते खरे उभे राहतात. त्या मधल्या दिवसांत कोणी बांधीतून चालत गेलं की पऱ्हे उपटले. खुब्याचंही तसंच. ऑपरेशनच्या दिवशी दांडा फक्त ठोकून घट्ट बसवलेला असतो. त्याच्याभोवती आधी रक्त साकळतं. मग हाड बनवणाऱ्या पेशी येतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कच्चं, घाईघाईनं विणलेलं हाड तयार व्हायला लागतं. ते पक्कं व्हायला पुढे कित्येक महिने जातात. आणि गंमत अशी की पहिली ठोकलेली पकड हळूहळू कमी होत जाते आणि नवी पकड हळूहळू वाढत जाते. मधे काही आठवडे असे असतात की जुनी पकड गेलेली असते आणि नवी पूर्ण आलेली नसते. आपल्या पोराला बरं वाटायला लागतं, दुखणं कमी होतं, नेमक्या त्याच दिवसांत धोका जास्त.

धोका कसला? हालचालीचा. दांडा आणि हाड यांच्यात साधारण ५० मायक्रॉनपर्यंत हालचाल झाली तर हाड सहन करतं. १५० मायक्रॉनच्या वर सतत हालचाल होत राहिली तर हाडाऐवजी तोच चिवट मऊ पडदा तयार होतो, काट्याभोवती होतो तसा. माणसाचा केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढी हालचाल रोज झाली की दांडा कायमचा सैल. कामट्या बांधणाऱ्या आज्याला मायक्रॉन माहीत नव्हता, पण हलू द्यायचं नाही हे माहीत होतं.

आता प्रश्न येतो ही मधली वेळ कमी कशी करायची. गेल्या पन्नास वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळा याच्याच मागे आहेत.

पहिला उपाय गवंड्याचा आहे. गुळगुळीत काँक्रीटवर प्लॅस्टर धरत नाही म्हणून गवंडी आधी टाचे मारतो. इम्प्लांटवालेही तेच शिकले. १९७० च्या दशकापासून धातूच्या दांड्यावर बारीक मण्यांचा किंवा जाळीचा सच्छिद्र थर द्यायला लागले, म्हणजे हाड त्या भोकांत वाढून आत घुसेल. भोकं फार बारीक असली तर हाड आत जात नाही, फार मोठी असली तर भरायला वेळ लागतो. साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची भोकं हाडाला मानवतात असं दिसलं. दातांच्या इम्प्लांटमध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात पृष्ठभागावर आधी वाळूसारख्या कणांचा मारा आणि मग आम्लाची प्रक्रिया केली. त्यामुळे जिथे तीन महिने थांबावं लागायचं, तिथे चांगल्या हाडात सहा आठवड्यांवर काम आलं. औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त पृष्ठभाग खरबरीत केला.

दुसरा उपाय म्हणजे हाडाला त्याच्याच ओळखीची वस्तू समोर ठेवणं. आपल्या हाडातला खनिज भाग म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं एक रूप. त्याच्याशी मिळतंजुळतं हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट कारखान्यात बनवता येतं. ते अतिशय तापवून धातूवर फवारतात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून असा लेप दिलेले खुबे माणसांत बसवायला लागले. हाडाला वाटतं, हा तर आपलाच. लवकर येऊन भिडतं. सुरुवातीला लेप जाड दिला की सुटून यायचा, मग जाडी आणि पद्धत सुधारली. आपल्या देशातही तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था यांनी या पदार्थांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

तिसरी गोष्ट काचेची. १९६७ मध्ये अमेरिकेत लॅरी हेंच नावाचे काचेचे संशोधक एका परिषदेला बसनं जात होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला लष्करी अधिकारी. त्यानं विचारलं, सैनिकांचे हातपाय कापावे लागतात कारण शरीर बाहेरची वस्तू स्वीकारत नाही, तुम्ही असं काही बनवू शकत नाही का जे शरीर स्वीकारेल? हेंचनी दोन वर्षांत कॅल्शियम, सोडियम आणि फॉस्फरस घालून एक काच बनवली. उंदराच्या हाडात ती अशी जुळली की ओढून निघेना. तिलाच बायोग्लास म्हणतात. बसमधल्या एका प्रश्नातून हे निघालं. टपरीवरच्या प्रश्नाला मी हसलो नाही, त्याचं हेही एक कारण समजा.

आता आपल्या घरात येऊ.

ब्रोनेमार्कची डबी सशात अडकली त्याच १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला, भारतातली ती पहिली नोंद. आणि १९५८ मध्ये नागपूर भागातली नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. म्हणजे आपल्या विदर्भात हा आजार आहे हे सरकारदरबारी माहीत होऊन साठ वर्षांहून जास्त काळ झाला. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्णांना उभं करण्यात आयुष्य घातलं, २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं.

या आजारात रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नसा मुळातच कमी. त्या तुंबल्या की गोळा उपाशी मरतो, मग खचतो. म्हणून जो खुबा शहरात साठी-सत्तरीचा माणूस बदलतो, तो आपल्याकडे पंचविशीचा पोरगा बदलून येतो. त्याला तो पुढे चाळीस वर्षं पुरवायचा आहे. म्हणून हाडानं स्वतः धरलेला, सिमेंटशिवायचा खुबा अशा पोरांसाठी महत्त्वाचा. पण त्यांचंच हाड अवघड. कुठे दगडासारखं घट्ट, कुठे पोकळ, रक्तपुरवठा कमी, जंतुसंसर्गाची भीती इतरांपेक्षा जास्त. ज्याला लवकर धरायची गरज सगळ्यात जास्त, त्याच्याच हाडाला धरायला सगळ्यात अवघड जातं.

मला या सगळ्यातून जे कळलं ते एवढंच. शास्त्रज्ञांनी सत्तर वर्षं घासून हाडाचे तीन महिने दीडावर आणले. आपल्याकडे त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं 'वात आहे' म्हणण्यात जातात आणि नंतरचे सहा आठवडे मजुरी बुडते म्हणून पाळता येत नाहीत. दोन्ही टोकांना वेळ वाया जातो आणि तो कमी करायला कुठलाही लेप चालत नाही.

पैशाची आणि कागदाची बाजूही सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमचा गुडघा, ज्याची सरासरी छापील किंमत दीड लाखाच्या वर होती, तो ५४,७२० रुपयांवर आला. कर वेगळा. बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा दाखवायचा असंही सांगितलं. तो आदेश गुडघ्यांसाठी होता, पण सवय खुब्यालाही लावून घ्या.

कारण कागद नसला तर काय होतं ते देशानं पाहिलं आहे. ऑगस्ट २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीनं एएसआर नावाचा खुबा जगभरातून परत मागवला. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण शरीरात जात होते. हाडानं वाटी धरली तरी सांधा आतून झिजत असेल तर काय उपयोग? महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं तेव्हा पोलिसांत तक्रार दिली होती. केंद्राच्या समितीचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला, तोवर हजारो रुग्णांचा माग लागत नव्हता. कोणाच्या अंगात काय बसवलं याची पक्की नोंदच नव्हती. स्वीडननं गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये आणि खुब्यांची १९७९ मध्ये सुरू केली.

म्हणून माझं म्हणणं, विशेषतः आपल्या तुमसर तालुक्यातल्या मंडळींना:

घरात सिकलसेलचा रुग्ण असेल आणि खुबा किंवा मांडी महिनाभर दुखत असेल तर वात समजून बसू नका. साध्या एक्स-रेत सुरुवातीला दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. लवकर कळलं तर खुबा वाचवायचे उपाय असतात. लग्नाआधी दोघांचीही सिकलसेल तपासणी करा, यात लाज काही नाही.

इम्प्लांट बसवलं तर त्याच्या खोक्यावरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून मागा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. सिमेंट लावलं की नाही, वजन कधीपासून टाकायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रत्येकाचं वेगळं असतं, शेजाऱ्याचं ऐकून ठरवू नका. आणि तंबाखू, बिडी, खर्रा त्या काळात तरी सोडा. निकोटिननं नसा आवळतात, हाड धरायला उशीर लागतो. खर्रा खाऊनच ही पोस्ट वाचत असाल तर तुम्हालाच सांगतो आहे.

आणि ग्रामपंचायत, बचत गट, मंडळं, सगळ्यांना एक सांगणं. गणपतीला, शारदेला वर्गणी काढतो तशी ऑपरेशन झालेल्या मजुराच्या घरी सहा आठवड्यांचं धान्य पोचवायची सोय आपण करू शकतो. त्या सहा आठवड्यांवर त्याची पुढची चाळीस वर्षं उभी आहेत.

काल त्या पोराच्या घरी गेलो. पऱ्ह्याचं उदाहरण दिलं. तो हसला. म्हणाला, "म्हंजे मी आता बांधीतला पऱ्हा आहो जी." त्याची माय चुलीजवळून बोलली, "मंग हालू नको ना बाप्पा." वॉकर खाटेला टेकवलेला होता, हात पोचेल असा. अजून साडेतीन आठवडे आहेत. शेजारच्या दोन बायांनी त्याच्या बायकोच्या वाटची रोवणी उरकून द्यायचं कबूल केलं आहे.

तर हो, हाड लोखंडाले धरते. फक्त ते लोखंड नसते, आणि त्याले धरू द्या लागते.

पटलं तर पुढे पाठवा. कोणाच्या घरी असा रुग्ण असेल तर त्याला वाचून दाखवा.